ओल एकाच जोडीला कशी लागते?

दत्ता,

सगळे मला बसायला सांगतायत. लेक म्हणते, "आई, बस गं जरा." शेजारणी येतात, चहाचा थर्मास ठेवतात आणि म्हणतात, "काकू, पाठ टेका." मी बसते आणि उठते. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून परत आत. कपाट उघडते आणि कशाला उघडलं ते आठवत नाही म्हणून बंद करते. तुझ्या फोटोसमोर तर मला मुळीच बसवत नाही. फोटोत तू गप्प आहेस, आणि तुझं गप्प बसणं हेच तर माझं तुझ्याशी भांडण होतं.

चारचौघांत मी तुला कायम "अहो" म्हणत आले. दोघंच असलो की "तू". तुझ्या आईला ते एकदा ऐकू गेलं तेव्हा ती हसली होती. आता घरात माणसं आहेत, पण हे मी कुणाला वाचून दाखवणार नाही. म्हणून तू.

भेटायला येणारी माणसं तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. सरळ माणूस, हातात कसब, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी मान हलवते. शेवटचं वाक्य आलं की मात्र माझं डोकं फिरतं. अध्यात ना मध्यात? तू? एका दुपारी अख्खं लालबाग तुझ्या डोक्यावर उभं होतं आणि तू खड्ड्यात बसून तारा पिळत होतास. त्या दुपारवरून आपण जन्मभर भांडलो. तू निघून गेलास, भांडण माझ्याकडे राहिलं. एकटीनं ते कसं करायचं?

मला तुझा आवाज आधी कळला, तू नंतर. मी गिरगावातली, मॅट्रिक झालेली, टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये नवीन लागलेली. कानाला हेडफोन लावून तपासणीच्या टेबलावर बसायची. कुठे फोन बिघडला की जॉइंटर रस्त्यातल्या मॅनहोलमध्ये उतरायचा, केबल उघडायचा आणि हातातल्या टेस्टफोनवरून मला विचारायचा, ह्या जोडीवर आवाज येतोय का? मी ऐकायचे. नीट आला तर "ओके", नाही तर "परत बघा." बाकीचे जॉइंटर आपलं नाव सांगायचे. तू सांगायचास, "हॅलो, लालबागचा खड्डा बोलतोय." पहिल्या वेळी मी हसू दाबलं तर तू म्हणालास, "बाई, खड्ड्याला हसू नये. त्याला ऐकू येतं."

आपल्या नातींना ती केबल माहीत नाही. मनगटाएवढी जाड, वरून शिशाचं आवरण, आत कागदात गुंडाळलेल्या तांब्याच्या तारांच्या शेकडो जोड्या. एका फोनची एक जोडी. केबलचे दोन तुकडे जिथे भेटतात तिथे तू प्रत्येक जोडी तिच्या जोडीशी पिळायचास, वर कागदाची नळी सरकवायचास, ओल जावी म्हणून उकळतं मेण ओतायचास आणि शेवटी शिसं वितळवून सगळं बंद करायचास. पीळ सैल राहिला किंवा कागदाला ओल लागली, तर आवाज तिथल्या तिथे हरवायचा. फोन मरायचा नाही. फक्त पलीकडचा माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटायचा. "जोड आवाज खातो," असं तुम्ही लोक म्हणायचात. तुझा जोड आवाज खायचा नाही. टेबलावर आम्हाला ते पाठ होतं. लालबागच्या खड्ड्यातून आलेली जोडी आम्ही ऐकायच्या आधीच "ओके" म्हणून मोकळ्या व्हायचो.

आणि मग तो हिवाळा आला.

मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत, असं जाहीर झालं आणि शहर पेटलं. आमच्या गिरगावात गोळ्या सुटल्या. आमच्या वाडीतलं एक माणूस दूध आणायला खाली उतरलं ते परत वर आलं नाही. मी हेडफोन लावून बसायचे तेव्हा त्या घरातलं रडणं कानात असायचं. तुमच्या लालबागेत त्याच आठवड्यात शांतारामचा मित्र गेला, बाळ्या. तुझा धाकटा भाऊ शांताराम आणि बाळ्या एकाच गॅलरीत लहानाचे मोठे झालेले, एकाच मिलमध्ये बदली कामगार. नाक्यावरच्या चौकीसमोर मोर्चा होता, आणि गोळी लागून बाळ्या पडला.

त्यानंतर कुणीतरी रस्त्यात टायर आणि लाकडं पेटवली, नेमकी मॅनहोलच्या झाकणावर. झाकण सरकलेलं होतं. जळती लाकडं आत पडली, लोकांनी घाबरून वरून बादल्या ओतल्या. केबल आधी जळली, मग भिजली. त्या भागातले सगळे फोन मेले. मिलचे, दुकानांचे, नाक्यावरच्या चौकीचा. आणि परळच्या इस्पितळाचा, जिथे जखमी माणसं नेत होते.

एक्स्चेंजच्या साहेबांनी तुला पोलिसांची गाडी देऊ केली होती. तू म्हणालास, "चालत जाईन. त्या गाडीतून उतरलो तर माझ्या आईला चाळीत नळावर उभं राहता यायचं नाही." तुझा मदतनीस त्या दिवशी आलाच नव्हता. स्टोव्ह, मेणाचं भांडं, शिसं, सगळं एकट्यानं उचलून तू गेलास.

त्या दुपारी तू टेस्टफोन मॅनहोलच्या काठावर ठेवला होतास, म्हणून मला सगळं ऐकू आलं. मी तिथे नव्हते, तरी कधीकधी वाटतं की होते. आधी पावलं आली, खूप पावलं. मग एका म्हातारीचा आवाज, तुमच्या मालवणीत.

"दत्ता, कोणाचो फोन जोडतंस रे?"

"सगळ्यांचो, काकी."

"चौकीचो पण?"

मला फक्त स्टोव्हचा फरफर आवाज येत होता.

मग एक तरणा आवाज. तो शांताराम होता हे मला नंतर कळलं. "दादा, बाळ्याला गोळी घातली ते कोण होते? आता त्यांचा फोन तू चालू करून देणार? त्यांनी आणखी गाड्या मागवायच्या म्हणून?"

"इस्पितळात पोरं पडलीत, शांता. त्यांना रक्त लागतंय. फोन नाही तर कोणाला बोलावणार?"

"मग इस्पितळाचा जोड. चौकीचा सोड. कोण बघणार आहे?"

माझ्या मागे साहेब येऊन उभे राहिले. "काय गोंधळ आहे तिकडे?"

"लाइनीवर खरखर आहे, साहेब," मी म्हटलं.

तू फोन उचललास. "बाई, आधी इस्पितळाची जोडी सांगा." मी सांगितली. किती वेळ गेला देव जाणे, पण माझ्या कानात एकदम खट्ट झालं आणि एका नर्सचा आवाज इतका जवळून आला की मी दचकले. "हॅलो? हॅलो? चालू झाला का हो? अहो, चालू झाला!" ती रडत होती की हसत होती कळलं नाही. ती जोडी मग एक क्षण मोकळी राहिली नाही. त्याच फोनवरून दादरच्या कॉलेजात निरोप गेला आणि मुलं रक्त द्यायला रांगेनं आली, हे आपण नंतर ऐकलं. त्यासाठी मी तुला कधी शाबास म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. आज म्हणते. त्या दिवशी जी पोरं वाचली त्यांतली किती तुझ्यामुळे, हे त्यांना कुणालाच ठाऊक नाही आणि तू कुणाला ते सांगितलं नाहीस.

बाकीच्या जोड्या एकेक करून झाल्या. मग तू विचारलंस, "आता चौकीची."

साहेब टेबलापासून दूर गेले होते. मी आवाज खाली आणला. "तिची घाई नाही. शेवटी घ्या."

"शेवटचीच राहिलीय, बाई."

"मग राहू द्या. आज राहिली तरी कुणी विचारणार नाही. भिजली होती म्हणून सांगा."

दत्ता, हे मी बोलले. सरकारी खुर्चीवर बसून, नोकरीला वर्षसुद्धा झालेलं नसताना. घरी वडील, दोन बहिणी, माझ्या पगारावर नजर. पण माझ्या कानात आमच्या वाडीतलं ते रडणं होतं. आजही कुणी विचारलं तर मी हेच म्हणेन, राहू द्या.

तू म्हणालास, "बाई, मी जॉइंटर आहे. कुठली तार ठेवायची आणि कुठली नाही हे मी ठरवायला लागलो, तर उद्या दुसरा कोणीतरी इस्पितळाची काढून ठेवील."

मला तेव्हा ते पटलं नाही. लग्नानंतर पटलं नाही. कालपरवा तू खाटेवर असताना मी तुझ्या तोंडात पाण्याचा चमचा घालत होते तेव्हाही पटलेलं नव्हतं. माणसाला कधीतरी ठरवावं लागतंच, असं माझं म्हणणं. तू म्हणायचास, "ठरवलंच की मी." आणि पुढे गप्प.

शांतारामचं शेवटचं वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं. "आजपासून मी तुझा भाऊ नाही." पावलं निघून गेली. तू काम करत राहिलास. शेवटी म्हणालास, "घ्या बाई, चौकी. ऐकून बघा."

मी ऐकलं. आवाज होता, पण कुठे तरी खोल. चौकीतला माणूस ओरडत असावा, आणि मला तो समुद्राच्या पलीकडून कुजबुजल्यासारखा वाटत होता. इस्पितळाची जोडी त्याच जोडातून गेलेली, ती घंटेसारखी वाजत होती. मिलची, दुकानांची, सगळ्या ठणठणीत. फक्त ही एक. टेबलावर बसून मी एवढं शिकले होते की अशा जोडीला "परत बघा" म्हणायचं असतं.

मी "ओके" म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी पोलीस तुमच्या चाळीत शिरले आणि पाच-सहा पोरांना उचलून घेऊन गेले. त्यात शांताराम होता. चाळीनं दोन आणि दोन चार केले. कालपर्यंत फोन बंद होता, दत्तानं जोडला, आज पोलीस आले. शांतारामला त्याच संध्याकाळी सोडलं, पाठीवर वळ घेऊन तो घरी आला आणि तुझ्या ताटाशेजारचं आपलं ताट उचलून त्यानं दाराजवळ नेलं. तुझी आई म्हणायची, त्या दिवसापासून तिला घरात दोन वेळा वाढावं लागलं.

आठवडाभरानं तू एक्स्चेंजमध्ये आलास. मी तुला पहिल्यांदा पाहिलं. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस एवढासा असेल असं मला वाटलं नव्हतं. हाताला भाजल्याचे डाग होते, नवे आणि जुने. तू टेबलापाशी उभा राहिलास. बाजूची मुलगी फिदीफिदी हसली.

पुढे शहर जरा शांत झाल्यावर चौकीची तक्रार आली, फोनवर काही ऐकू येत नाही म्हणून. तू जोड उघडलास, दुरुस्त केलास आणि कागदावर लिहिलंस, ओल. मी तुला तेव्हाच पकडलं. एक्स्चेंजच्या जिन्यात.

"ओल? सगळी केबल भिजली होती. मग ओल एकाच जोडीला कशी लागते?"

"लागते कधीकधी."

"तुमच्या जोडात? कधीकधी?"

तू हसलास आणि जिना उतरून गेलास. ते हसू पाहिलं आणि मी त्याच दिवशी ठरवलं. वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लालबागचा? मालवणी? खड्ड्यात उतरणारा?" मी म्हटलं, "हो, तोच." सहा महिने आमच्या घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. लग्नाला तुझी आई आली, चाळीतली ती म्हातारी काकी आली. शांताराम आला नाही.

मग आपलं ते सुरू झालं. मी पोळ्या लाटता लाटता विचारायची, "मुद्दाम केलंस ना?" तू पेपर वाचत म्हणायचास, "ओल होती गं." कधी मी रागावून विचारायची, कधी लाडात, कधी चारचौघांत आडून. बाळंतपणाच्या कळा येत होत्या तेव्हासुद्धा मी विचारलं होतं, तुला आठवत असेल. तू घाबरलेला होतास आणि तरी म्हणालास, "ओल होती." तेव्हा मला वाटलं, हा मरेल पण सांगणार नाही. आणि बघ.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी लालबाग कसं सजलं होतं! दारोदार तोरणं, ढोल, पताका. आपण दोघं तुझ्या आईकडे गेलो. शांताराम गॅलरीतून घरोघर पेढे वाटत होता, आवाज बसला होता त्याचा. आपल्यापाशी आला, आईच्या हातावर पेढा ठेवला, माझ्या हातावर ठेवला आणि तुला ओलांडून पुढच्या दाराशी गेला. सगळी गॅलरी बघत होती. आईनं आपल्या हातातला पेढा मोडून अर्धा तुला दिला. तू खाल्लास. म्हणालास, "छान आहे." एवढंच. मला तिथल्या तिथे ओरडून सांगायचं होतं की ह्या माणसानं काय केलंय ते तुम्हाला माहीत नाही. पण मला तरी कुठे माहीत होतं?

पुढे आईच्या आजारपणात तुम्ही भाऊ बोलायला लागलात. औषध आणलं का, डबा कोण नेणार, आज कोण थांबतंय. त्याच्यापलीकडे कधी गेला नाहीत. आई गेल्यावर तेवढंही कमी झालं.

तुझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ती काचेची केबल आली. मी तेव्हा सुपरवायझर झाले होते आणि तुला शिकायला पाठवण्याच्या कागदावर माझीच सही होती. बाकीचे जुने जॉइंटर कुरकुर करत होते. तू मात्र शाळकरी पोरासारखा गेलास. एका दुपारी मी मुद्दाम बघायला आले. केसाएवढ्या बारीक काचेच्या दोन तारा, त्यातून बोलणं उजेड होऊन जातं, हे मला खरंच वाटत नव्हतं. तू चष्मा कपाळावर चढवून तार स्पिरिटनं पुसत होतास, टोक सरळ कापत होतास, यंत्रात समोरासमोर बसवत होतास. टोक जरा वाकडं कापलं, दोन्ही तारा केसभर इकडेतिकडे झाल्या, नाहीतर धुळीचा कण मध्ये आला, की जोडाच्या जागी उजेड बाहेर सांडायचा आणि पुढे कमी पोचायचा. आयुष्यभर वितळलेलं शिसं हाताळलेली तुझी बोटं त्या तारेपुढे ओबडधोबड वाटत होती. पहिले कितीतरी जोड वाया गेले. शिकवणारा इंजिनियर आपल्या लेकीच्या वयाचा, पण धीराचा. म्हणायचा, "काका, श्वास रोखून नका करू. श्वास सोडून करा."

मग एक जोड लागला. टेस्टरच्या पडद्यावर रेघ आली, सरळ, जोडाच्या जागी जेमतेम कळेल न कळेल एवढी पायरी. जेवढी पायरी तेवढा उजेड तिथे हरवला, असं त्या मुलानं मला समजावलं. आधीच्या जोडांच्या पायऱ्या चांगल्या ठळक होत्या. तू पडद्याकडे बघत राहिलास. तुझा चेहरा मी इतका खुललेला फार थोड्या वेळा पाहिला. आणि तुझ्या तोंडून गेलं, "बघितलंस? कुठल्या जोडात किती गेलं ते सगळं दिसतं. आता कुणाला काही लपवता यायचं नाही."

मी झडप घातली. "आता? म्हणजे तेव्हा लपवलं होतंत!"

तू त्या इंजिनियरकडे वळलास. "साहेब, आमच्या मॅडमना चहा सांगता का?"

तो मुलगा बिचारा गोंधळला. मी चहा न घेता निघून आले. घरी आल्यावर दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही आणि तू मजेत होतास.

तुझ्या दहाव्याला शांताराम आला. काठी घेऊन, नातवाच्या आधारानं. विधी झाले, माणसं पांगली, तो उठेना. मी पण बसेना. शेवटी गॅलरीत उभ्या उभ्या मी त्याला सगळं सांगितलं. जे तुला कबूल नव्हतं ते मी त्याच्याजवळ कबूल केलं म्हण हवं तर. इस्पितळाची जोडी कशी होती, चौकीची कशी होती, मी काय म्हटलं, तू काय म्हणालास, आणि ओल.

त्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "वहिनी, आम्हाला चौकीत बाकावर बसवलं होतं. हवालदार फोनवर ओरडत होता. हॅलो, हॅलो, गाडी पाठवा, सहा जण आहेत. पलीकडच्याला काही कळतच नव्हतं. तो सहा म्हणाला की पलीकडचा बहुतेक नाव विचारायचा, कारण हा परत परत चौकीचंच नाव ओरडून सांगायचा. त्यानं शिव्या घातल्या, फोन आपटला, परत उचलला. शेवटी वैतागला. गाडी काही आली नाही. संध्याकाळी आम्हाला दोन-दोन लाथा घालून हाकलून दिलं. पुढच्या चाळीतली पोरं दुसऱ्या चौकीत नेली होती, ती थेट तुरुंगात गेली. महिने काढले त्यांनी. आम्ही आपलं म्हणत आलो, आमचा हवालदार आळशी होता."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो माझ्याकडे.

"म्हणजे दादानं..." तो म्हणाला.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "त्यानं कधी सांगितलं नाही."

तो रडला, दत्ता. म्हातारा माणूस, काठीवर हनुवटी टेकवून. मला वाटलं आता म्हणेल, मी त्याला उगीच टाकलं. पण तो डोळे पुसून म्हणाला, "नाही वहिनी. ओलच असेल. दादाला खोटा जोड जोडताच आला नसता. घरात सुतळीची गाठ मारायची तरी तीनदा बघायचा. तो जे जोडायचा ते नीट जोडायचा. त्यानं चौकीचं नीटच जोडलं असेल. आणि ते त्याचं बरोबर होतं. मी तेव्हा पोर होतो."

मला इतका संताप आला! ज्या भावानं तुला एवढी वर्षं चौकीवरून टाकलं, तो आज म्हणतो की चौकी जोडलीस तेच बरोबर, आणि मनापासून जोडलीस तेच बरोबर. मी त्याच्याशी भांडले. हो, तुझ्या दहाव्याला, गॅलरीत, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मी म्हणत होते, मुद्दाम केलं त्यानं, तुमच्यासाठी केलं. तो म्हणत होता, माझा भाऊ तसा नव्हता. लेक धावत आली. तिला वाटलं, इस्टेटीवरून काही आहे.

जाताना तो तुझ्या फोटोसमोर उभा राहिला आणि हात जोडले. म्हणाला, "येतो रे दादा." दादा हा शब्द मी त्याच्या तोंडून तुला उद्देशून ऐकला तो त्या टेस्टफोनवरच्या दुपारनंतर पहिल्यांदा.

तेव्हापासून मला बसवत नाही. त्याचं ऐकलं तर तू जन्मभर खरं बोललास. ओल होती, ओल होती म्हणत राहिलास आणि ती खरंच ओल होती. मग मी कुणाशी लग्न केलं? मी तर त्या माणसाशी लग्न केलं ज्यानं भावाचं ऐकलं नाही, माझं ऐकलं नाही, पण दोघांसाठी गुपचूप एक पीळ सैल सोडला. तू तो नसशील तर मग तो दुसरा, सरळ, तीनदा गाठ बघणारा, त्याच्याबरोबर मी इतकी वर्षं सुखानं राहिले कशी? आणि दोन्ही तूच असशील तर मला ते सांगायला काय हरकत होती? मी काय चौकीत जाऊन सांगणार होते?

शांतारामला मी एक गोष्ट सांगितली नाही. लेकीलाही नाही. आपण दोघंही कधी बोललो नाही तिच्याबद्दल, म्हणजे तुला आठवत होती की नाही तेही मला माहीत नाही.

मी "ओके" म्हटल्यावर तू फोन ठेवला नाहीस. नेहमी लगेच ठेवायचास. तुझा टेस्टफोन अजून जोडाच्या पलीकडे चौकीच्याच जोडीला लावलेला होता, मला तुझा श्वास ऐकू येत होता, लांबून. मागे साहेब परत आले होते. मग तू विचारलंस, "बाई, तुमचं नाव काय?"

मी तोंडावर हात धरून सांगितलं, "सुमन."

"ऐकू नाही आलं," तू म्हणालास. "जरा मोठ्यानं सांगा."

साहेबांनी मान वर केली. बाजूच्या मुलीनं हेडफोन कानावरून काढला. मी खुर्चीतून उठून उभी राहिले आणि ओरडून सांगितलं.